वसई शोधताय? मग बॅसीन शोधा

...तर मुलांनो, विषय दिलाय ‘लायब्ररीत आणि नेटवर कसं शोधायचं’, ते सांगतोच, पण आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कॉलेजात असताना मला वसईच्या किल्ल्यावर लिहायचं होतं. एका मोठ्या लायब्ररीत गेलो, नाव नाही घेत. तेव्हा कार्डांचे लाकडी खण असायचे, पितळी कडी ओढायची आणि बोटांनी कार्डं उलटत जायचं. ‘व्ही’चा खण काढला तर वसईचं एकही कार्ड नाही. काउंटरवरचे म्हणाले, आपल्याकडे नाही. दोन आठवडे मी तेच खरं धरून बसलो! मग शेजारी पेपर वाचणारे एक आजोबा म्हणाले, अरे, ‘बी’ बघ, बॅसीन बघ, इंग्रज वसईला बॅसीन म्हणायचे. बघतो तर बोटभर जाडीचा गठ्ठा. पुस्तकं तिथेच होती, फक्त ‘वसई : बॅसीन पहा’ एवढं एक कार्ड कोणी लिहिलं नव्हतं. त्या एका कार्डाचा राग माझ्या मनात अजून आहे, कारण किती मुलं ‘नाही’ ऐकून परत गेली असतील.

आता नेटवर तुमच्यासाठी ते ‘पहा’ कार्ड कोण लिहिणार? तुम्हालाच लिहावं लागतं. आपल्या ठाण्याचंच घ्या. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण ‘ठाणे रेल्वे इतिहास’ टाकलं की तीच तीच माहिती दहा ठिकाणी कॉपी केलेली मिळते. त्या काळचं काही हवं असेल तर त्या काळचं स्पेलिंग टाका, टी ए डबल एन ए एच, नाहीतर आजच्याच स्पेलिंगमध्ये शेवटी ई ऐवजी ए. १८८२च्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीच्या ग्रंथात, ठाणा आहे, साष्टीला साल्सेट आहे, आणि रेल्वेची माहिती व्यापाराच्या प्रकरणात आहे. मराठीत आगगाडी टाकून बघा, आणि १९६२ला शुद्धलेखनाचे नियम बदलले, त्याच्या आधीचं असेल तर ‘ठाणें’, अनुस्वारासकट. लिहिणाऱ्याने कुठला शब्द वापरला असेल ते आधी ओळखायचं, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो. सलग शब्द जसेच्या तसे हवे असतील तर अवतरणचिन्हात टाका. नको तो शब्द असेल तर त्याच्या आधी वजा, मध्ये जागा सोडायची नाही. इंग्रजीत साइट, कोलन आणि वेबसाइटचा पत्ता टाकला की तेवढ्याच साइटवर शोधलं जातं. प्रबंधांसाठी शोधगंगा, जुन्या पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह. पण जुन्या मराठी छपाईचं स्कॅन मशीनला नीट वाचता येत नाही, तेव्हा सर्च रिकामा आला तरी अनुक्रमणिका डोळ्यांनी बघाच. ड्यूईच्या आकड्यांनी, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन, लावलेल्या लायब्ररीत रेल्वे ३८५ला आणि भारताचा इतिहास ९५४ला, म्हणजे दोन्ही कपाटांशी जायचं, आणि हवं ते पुस्तक सापडलं की शेजारची चार पण काढून बघायची. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून ठाण्यात आहे, तिथे जा, आणि ग्रंथपालांना नुसतं ‘रेल्वेवर काही आहे का’ विचारू नका, कुठल्या सालातलं, कशासाठी हवंय ते सांगा.

मी खाली दाराशी थांबतोय, प्रोजेक्टचा विषय घेऊन या, जुनी नावं मिळून काढू.