किडनी बदलल्यानंतरचे दिवस : मित्रांनी काय करावं

नमस्कार श्रोतेहो. किडनी प्रत्यारोपण करून घरी आलेल्या माणसाच्या मित्रमंडळींशी आज बोलायचं आहे. घरचे तर करतातच. पण पुष्कळदा किडनी देणारीही घरातलीच असते, आई नाहीतर बायको. म्हणजे एकाच घरात ऑपरेशन झालेली दोन माणसं, आणि धावपळ करायला उरतं एखादंच. तिथं मित्र लागतात. भेटीला येणारे नव्हेत, कामं वाटून घेणारे.

आधी शरीरात काय झालंय ते समजून घ्या. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, जांघेच्या वर बसवतात. जुन्या किडन्या बहुतेक वेळा जागच्या जागीच राहतात. नवी किडनी कातडीच्या बरीच जवळ असते, म्हणून तिथं पँटचा पट्टा आवळायचा नाही आणि गर्दीत कोपर लागू द्यायचं नाही. शरीराला ती परकी वाटते. शरीरानं तिला नाकारू नये, म्हणजे रिजेक्शन होऊ नये, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात. बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. गोळी कमी पडली तर रिजेक्शन, जास्त झाली तर जंतुसंसर्ग. टॅक्रोलिमस फार वाढलं तर त्याच नव्या किडनीला इजा होते. पहिले तीन महिने ही औषधं सर्वांत जोरात असतात, म्हणून खरी काळजी तेव्हाची.

मित्रांचं पहिलं काम वेळेचं. टॅक्रोलिमस साधारणपणे दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं घेतात. सकाळी नऊ, रात्री नऊ. एखाद्या मित्रानं रात्रीचा फोन आपल्याकडं घ्यावा. ‘गोळी घेतलीस का रे?’ एवढंच विचारायचं, आणि ‘घेतली’ असं कानावर आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. डोस चुकला तर पुढचा दुप्पट घ्यायचा नाही, प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा. गोळीनंतर उलटी झाली तरी तेच.

आता रक्ततपासणीची सकाळ. सोलापुरातले अनेक जण तपासणीला पुण्याला जातात, पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस धरतात. इथं एक चूक वारंवार होते. टॅक्रोलिमसची पातळी मोजायची असते ती पुढच्या डोसच्या अगदी आधीची, म्हणजे रात्रीच्या गोळीला सुमारे बारा तास झाल्यावर. पेशंट सवयीनं गाडीतच सकाळची गोळी घेतो आणि पुण्यात जाऊन रक्त देतो. रिपोर्ट साहजिकच जास्त येतो. तो खरा मानून डॉक्टरांनी डोस कमी केला, तर रिजेक्शनला वाट मोकळी. म्हणून सोबत जाणाऱ्या मित्रानं सकाळची टॅक्रोलिमसची गोळी स्वतःच्या खिशात ठेवावी आणि सुई निघाल्यावर लगेच हातात द्यावी. इतर गोळ्यांपैकी कोणत्या आधी घ्यायच्या, ते केंद्राला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. नमुना सोलापुरातच द्यायचा असेल, तर लॅबला सांगा की ही तपासणी अख्ख्या रक्तावर होते, जांभळ्या झाकणाची नळी लागते. लॅबही शक्यतो दर वेळी एकच ठेवा. लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. रक्त कधी घेतलं आणि आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घेतली होती, या दोन्ही वेळा कागदावर लिहून द्या.

डायलिसिससाठी हातात फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, असेल तर त्या हाताला सुई लावू द्यायची नाही आणि बीपीचा पट्टाही बांधू द्यायचा नाही. लॅबमध्ये, कॅज्युअल्टीत घाईगडबड असते. हे बोलायला सोबत कुणीतरी हवं.

घरी एक वही असते, आणि डॉक्टर सगळ्यात आधी तीच बघतात. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, रोज एकाच काट्यावर वजन. पाच मिनिटं शांत बसून बीपी. ताप. दिवसभरात पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली. साखरही, कारण प्रेडनिसोलोन आणि टॅक्रोलिमस दोन्ही साखर वाढवतात. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळं साखर चढते ती दुपारनंतर. उपाशीपोटीचा आकडा चांगला दिसतो आणि घर निर्धास्त होतं. जेवणानंतरची साखर बघितल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. दर रविवारी एका मित्रानं वहीचा फोटो काढून आपल्या फोनमध्ये ठेवावा. वही हरवते, ऐनवेळी सापडत नाही.

वहीत काय दिसलं की हलायचं? १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं. लघवी एकदम कमी होणं. पायावर सूज. नव्या किडनीच्या जागी दुखणं. बीपी नेहमीपेक्षा बरंच वर राहणं. यातलं काहीही झालं तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी फोन. आणि एक गोष्ट घरच्यांना पटवून द्या: बहुतेक रिजेक्शन सुरुवातीला काहीच लक्षण दाखवत नाही. माणूस हसतखेळत असतो आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढत असतं, म्हणजे किडनीचं काम मंदावत असतं. ‘बरं वाटतंय ना, मग कशाला तपासणी’ हे वाक्य कानावर आलं की मित्रानं गाडी काढून दारात उभं राहावं.

भेटायला येण्याचं काय? आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं वाटतं. पण पहिले तीन महिने गर्दी टाळायचीच आहे, आणि पेशंट स्वतः कुणाला ‘येऊ नका’ म्हणू शकत नाही. ते वाईटपण मित्रानं अंगावर घ्यावं. ग्रुपवर सरळ लिहा: एका वेळी एकच जण, मास्क लावून, हात धुऊन, वीस मिनिटं. सर्दी-खोकला, ताप, डोळे आलेले, घरात कुणाला कांजिण्या किंवा नागीण असेल तर यायचं नाही. टीबीचे उपचार चालू असलेल्या नातेवाइकानंही, तो संसर्गजन्य नसल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत, लांबच राहावं.

हातात काय न्यायचं? शहाळं नको. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि टॅक्रोलिमसमुळं रक्तातलं पोटॅशियम आधीच वर सरकत असतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट अजिबात नको, त्यांनी टॅक्रोलिमसची पातळी वाढते. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं वैभव, पण काही केंद्रं तेही टाळायला सांगतात. आपल्या केंद्राला विचारून मगच द्या. गुळवेलीचा काढा, ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं प्रेमानं आणली जातात, आणि इथं प्रतिकारशक्ती वाढवणं म्हणजेच किडनीवर घाला. असलं काही घरात दिसलं तर उचलून परत न्या. त्यापेक्षा गरम ज्वारीची भाकरी, मऊ मुगाची डाळ, कमी मिठाची दोडक्याची भाजी असा डबा न्या. शेंगाचटणी सोलापूरकराला जेवणात लागतेच, पण बाजारच्या चटणीत मीठ फार असतं, आणि जुन्या, खवट शेंगदाण्यांवर बुरशीचं विष धरलेलं असू शकतं. ताजे, निवडलेले दाणे घरी भाजून, मीठ बेतानं घालून केलेली चमचाभर चटणी डॉक्टरांना विचारून द्या. मटण खायला परवानगी मिळाली तर पूर्ण शिजलेलं, त्याच दिवशीचं. गाड्यावरचा उसाचा रस, बर्फ, कापून ठेवलेली फळं, उघड्यावरचं ताक, कच्ची कोशिंबीर पहिल्या काही महिन्यांत नकोच.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी साठवण. प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्यायचं आणि त्याच भांड्यात झाकून गार करायचं. काढायला लांब दांड्याचं वगराळं, हात बुडवायचा नाही. वापराच्या पिंपांना घट्ट झाकण हवं, आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायला हवीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. पिंपं घासणं हे पेशंटचं काम नाही. भरलेली बादली उचलणंही दोन महिने नाही. जखमेवर ताण येऊन हर्निया होतो. पाणी येईल त्या दिवशी कोण जाणार, हे दोन मित्रांनी ठरवून घ्यावं. मोठं काम आहे हे.

मार्च उजाडला की पारा चढायला लागतो, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश नवलाचे नाहीत. पाणी किती प्यायचं हा आकडा डॉक्टर देतात, पुष्कळांना दिवसाला अडीच ते तीन लिटर. ते पोटात गेलं नाही तर नव्या किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि क्रिएटिनिन वाढतं. जुलाब झाले तर दुहेरी संकट: पाणीही जातं आणि टॅक्रोलिमसची पातळी उलट वाढते. म्हणून जुलाबाच्या दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

औषध दुकानात जाणारा मित्र शक्यतो एकच असावा. टॅक्रोलिमस ०.५, १ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत येतं, दिवसातून एकदा घ्यायची वेगळी गोळीही असते. पट्टीवरचं नाव, ताकद आणि कंपनी जुन्या पट्टीशी ताडून बघा. ‘हे नाही, पण औषध तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ असं दुकानदार म्हणाला तर तिथूनच डॉक्टरांना फोन करा. कंपनी बदलली की पातळी पुन्हा मोजावी लागते. डोकं दुखलं, अंग दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमस वाढवतात. टीबीचं रिफाम्पिसिन ते फार खाली आणतं. गल्लीतल्या डॉक्टरांकडं जावं लागलं तरी पहिलं वाक्य ‘यांची किडनी बदललीय’ हेच असू द्या.

ऑपरेशनच्या वेळी नव्या किडनीच्या मूत्रवाहिनीत एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ती बहुधा दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीतून काढतात. माणूस बरा दिसायला लागलेला असतो, तारीख मागं पडते. विसरलेल्या स्टेंटवर खडे धरतात, लघवीत संसर्ग होतो. डिस्चार्ज कार्डावरची तारीख दोन मित्रांनी आपापल्या फोनमध्ये घालावी.

आता मनाचं. प्रेडनिसोलोननं झोप उडते, भूक वाढते, चेहरा गोल होतो, माणूस चिडका होतो. टॅक्रोलिमसनं हात थरथरतात. चहाची बशी वाजते, चेकवरची सही जुळत नाही. असा माणूस चारचौघांत जायचं टाळतो. ‘काय रे, गाल वर आलेत’ असं म्हणू नका. बँकेत सोबत जा, नवी सही नोंदवायला मदत करा. किडनी बायकोची असेल तर त्याच्या मनावर एक ओझं असतं, ते तो तिच्याजवळ बोलत नाही. डॉक्टर हो म्हणाले की सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं अर्धा तास मास्क लावून बरोबर चाला. चालताना माणूस आपोआप बोलतो. कबुतरांचा थवा असेल तिथून लांबून जा, त्यांच्या विष्ठेतली बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पहिल्या वर्षी टीव्हीवरच बघायची.

मोटारसायकल चालवणं आणि तिच्यावर मागं बसणंही, निदान दोन महिने नाही. आपले खड्डे सगळ्यांना माहीत आहेत. कामावर परतणं बहुधा तीन महिन्यांनी. पॉवरलूमवर काम असेल तर सुताचा जड बीम उचलणं बंद, आणि कापसाच्या धुळीत मास्क लागेल. मालकाशी हे बोलायला पेशंटला अवघड जातं, मित्रानं सोबत जावं.

पहिल्या तीन महिन्यांत मित्र खूप असतात. आठव्या, दहाव्या महिन्यात क्रिएटिनिन चांगलं, माणूस कामावर, आणि रात्रीचा फोन बंद झालेला. औषधांचा खर्च मात्र चालूच. गोळी अर्धी करणं, एक दिवसाआड घेणं याच काळात सुरू होतं, आणि ते कुणाला सांगितलं जात नाही. तेव्हा फोन चालू ठेवा, पण प्रश्न बदला: ‘पट्ट्या किती दिवसांच्या उरल्यात?’ दहा दिवसांच्या उरल्या की पुढची खरेदी. पैशाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, सरकारी योजनेत आणि धर्मादाय रुग्णालयाच्या कोट्यात काय बसतं ते तेच सांगू शकतात. कागद गोळा करायला दोन-तीन चकरा होतात. त्या पेशंटनं नाही, तुम्ही मारायच्या.