भित्र्या माशाचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्याकडे पिरान्हा आहेत असं कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "टाकीत बोट घातलं तर काय होतं हो?" उत्तरही आता तोंडपाठ झालंय. बोट घातलं की सगळेच्या सगळे पलीकडच्या कोपऱ्यात पळतात आणि ओंडक्याच्या मागे अंगाला अंग लावून उभे राहतात. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा असा काही पडतो, की मलाच वाईट वाटतं. तरी बोट घालू नका. का ते पुढे सांगतोच.

आजचं बोलणं आहे ते पिरान्हासाठी पहिल्यांदाच घरात टाकी मांडणाऱ्यांसाठी. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर राहणार आहे. हा मासा भित्रा आहे. टाकी केवढी घ्यायची, कुठे ठेवायची, दिवा कसा लावायचा, मासे किती आणायचे, हे सगळं त्या भीतीवरून ठरवायचं. शिकारी पाळतोय अशा समजुतीनं टाकी मांडली, की पुढचं सगळं गणित चुकत जातं.

ही समजूत आली कुठून? अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या जंगलात फिरले आणि १९१४ साली त्यांनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी पिरान्हाला जगातला सगळ्यात क्रूर मासा ठरवून टाकलं. एवढ्या मोठ्या माणसानं लिहिलं म्हटल्यावर मग काय, शंभर वर्षं तोच डांगोरा.

खरी हकीकत वेगळी आहे. आपण घरी पाळतो तो बहुतेक वेळा लाल पोटाचा पिरान्हा, शास्त्रीय नाव पायगोसेंट्रस नॅटेरेरी. ॲमेझॉन आणि पराग्वे-पराना या नद्यांच्या खोऱ्यांतला हा मासा. तो थव्यानं राहतो, त्यामुळे तो थव्यानं शिकार करतो असं लोक धरून चालतात. ब्राझीलमधल्या मामिराउआच्या पूरजंगलात हेल्डर केइरोझ आणि ॲन मागुरन या अभ्यासकांनी याच प्रश्नावर काम केलं, २००५ च्या सुमाराला. त्यांनी दोन, चार आणि आठ अशा गटांत मासे ठेवले आणि त्यांच्या कल्ल्यांची उघडझाप मोजली. म्हणजे श्वास मोजला. लहान गटातले मासे धापा टाकल्यासारखे श्वास घेत होते, आठांच्या गटातले निवांत होते. खोट्या शत्रूनं घाबरवलं, तरी आठजण लवकर सावरत. सुसर जातीतले केमन, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे, मोठी पाणमांजरं, इतके जण याला खायला टपलेले असतात. थवा आहे तो त्यांच्यापासून जीव वाचवायला.

म्हणून मासे किती, हा प्रश्न आधी सोडवा आणि टाकी नंतर बघा. माझं मत विचाराल तर पाच-सहा. नाहीतर सरळ एकच. दोन किंवा तीन ठेवू नका. दोघांत एक दांडगा निघतो आणि दुसऱ्याला जगू देत नाही. पाच-सहा असले की दांडगाई वाटली जाते, एकावरच सारखा मार बसत नाही. सगळे एकाच मापाचे आणि एकाच वेळी आणलेले असावेत. एखाद्या माशाचं पर, म्हणजे पोहायचा पंख, कुरतडलेलं दिसलं तर लगेच हबकू नका, स्वच्छ पाण्यात ते पुन्हा वाढतं.

आता माप. दुकानात पिल्लू दिसतं अंगठ्याएवढं, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. ते बघून माणूस तीन फुटी टाकी घेतो. मीही घेतली होती. वर्षभरात ते पिल्लू तळहाताएवढं होतं आणि पूर्ण वाढ झाली की वीस-पंचवीस सेंटिमीटर. नीट सांभाळलं तर दहा वर्षांहून जास्त जगतं. पाच-सहा मोठ्या माशांसाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरा. हे झाले चोवीस घनफूट, म्हणजे साधारण ६८० लिटर. एक लिटर पाणी एक किलोचं. काच, वाळू, लाकूड, स्टँड धरलं की ८०० किलोच्या वर गेलात. छोटी मोटारगाडी बैठकीच्या खोलीत आणून उभी करावी, तसाच हा प्रकार. तळमजला असेल तर चिंता कमी. वरच्या मजल्यावर असाल तर जमीन एवढा भार पेलेल का, हे आधी जाणकाराला दाखवा, आणि टाकी भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. स्टँडवर पाणसळ ठेवून बघा. बुडबुडा एका बाजूला सरकत असेल, तर पाणी भरण्याआधी दुरुस्ती करा. ६८० लिटर भरल्यावर ती टाकी तुमच्या बापजन्मी हलायची नाही.

आणि वाटेत ठेवू नका. दरवाजाजवळ, टीव्हीशेजारी, येता-जाता धक्का लागेल अशा ठिकाणी तर नकोच. माणूस समोरून झपकन गेला तरी हे मासे काचेवर आदळतात. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून काळ्या कागदानं झाकून टाका, म्हणजे त्यांना पाठीशी काहीतरी आहे असं वाटतं. तळाला बारीक वाळू, वर दोन-तीन मोठे ओंडके. ओंडक्याचा रंग उतरून पाणी चहासारखं झालं, तर ते बदलण्याची घाई करू नका. यांच्या मूळ पाण्यालाही पुष्कळदा तसाच रंग असतो. दिवा मंद. वर तरंगणाऱ्या वनस्पती सोडल्या की उजेड गाळून खाली येतो. मुळं धरणाऱ्या वनस्पती हौसेनं लावल्यात, तर एखाद्या सकाळी कात्रीनं छाटल्यासारखी पानं तरंगताना दिसतील.

आता ज्या गोष्टीत सगळे नवखे फसतात आणि मीही फसलो, तिच्यावर थोडं थांबतो. पाणी मुरू देणं.

शनिवारी टाकी भरली आणि रविवारी सहा पिल्लं आणली. पाणी कसं, आरशासारखं! चौथ्या दिवशी ते पातळ दुधासारखं झालं. मासे फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे वर येऊन तोंडं उघडत होते. पाचव्या दिवशी सकाळी दोन मेलेले, संध्याकाळी तिसरा, आणि त्याची शेपटी उरलेल्यांनी खाल्लेली. मी घरभर सांगत सुटलो, भांडले आणि मेले. चांगले तीन आठवडे सांगितलं. मग टेस्ट किट आणली, पाण्यात थेंब टाकले, तर नळीचा रंग गडद हिरवा. अमोनिया. मासे गुदमरून मेले होते. भांडणबिंडण काही झालंच नव्हतं.

होतं काय, की माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात, आणि वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवायचा, त्या जिवाणूंना खाऊ म्हणून बिनवासाचा, साबण न मिसळलेला अमोनिया दोन मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत टाकायचा आणि रोज मोजायचं. एवढा अमोनिया टाकून चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसायला लागलं, की पाणी मुरलं. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचं आणि मासे सोडायचे. कुणाकडे जुनी निरोगी टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला, दिवस वाचतात. तो स्पंज नळाखाली धुऊ मात्र नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं ते जिवाणू मरतात. टाकीतही नळाचं पाणी घालताना क्लोरिन मारणारं औषध घालूनच घाला.

फिल्टर मोठा घ्या. पिरान्हा खाताना फार सांडतो, तुकडे इकडेतिकडे उडवतो. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर, तासाला टाकीच्या पाच पट तरी पाणी फिरवणारा. एवढं करून दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचंच.

हीटरबद्दल एक सावधगिरी. पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस लागतं. एकच मोठा हीटर घेण्यापेक्षा तीनशे वॅटचे दोन घ्या. एक अडकून सतत चालू राहिला तरी मासे उकडून निघणार नाहीत, एक बंद पडला तरी एका रात्रीत गारठणार नाहीत. दोन्हींवर प्लॅस्टिकची जाळी बसवा. घाबरलेल्या माशाची धडक काचेच्या नळीला पुरते, आणि वायर कुरतडायची सवय असते ती वेगळीच. प्रत्येक वायर बटणापर्यंत जाण्याआधी खाली झोळीसारखी लोंबू द्या. वायरीवरून ओघळलेला थेंब त्या झोळीच्या तळाशी येऊन जमिनीवर पडतो, बोर्डात शिरत नाही. हात पाण्यात घालण्याआधी हीटरचं बटण बंद करा. माझ्या मते या टाकीतला सगळ्यात मोठा धोका विजेचा आहे, दातांचा नंतर.

पण दात काही लुटुपुटूचे नाहीत. त्रिकोणी, एकात एक अडकलेले, करवतीसारखे. जबड्याच्या एका बाजूचे दात एकाच वेळी पडतात आणि त्यांच्या खाली नवी रांग तयार असते. खायला दिलेला माशाचा तुकडा तो नुसता धरून ओढत नाही. चावा घेतो, अंगाला एक झटका देऊन वळतो, आणि तुकड्याला चमच्यानं काढल्यासारखा गोल खळगा पडलेला असतो. हे सगळं एवढ्या वेळात होतं, की डोळे मिटलेत तर हुकलं.

खायला काय द्यायचं? सोललेली कोळंबी, माशांचे तुकडे, मधूनमधून गोळीचं खाद्य. निसर्गात हे मासे किडे, गोगलगायी, फळं, बिया, दुसऱ्या माशांचे पर आणि खवलेही खातात. गाई-डुकराचं मांस नेहमी देऊ नका, त्या चरबीनं पाणी बिघडतं आणि मासाही. जिवंत गोल्डफिश सोडायचा खेळ तर करूच नका. त्यांच्याबरोबर रोग येतात, आणि गोल्डफिशच्या मांसात ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन मोडणारा घटक असतो. पिल्लांना दिवसातून दोनदा, मोठ्यांना दोन-तीन दिवसांतून एकदा. दहा मिनिटांत संपलं नाही तर लांब चिमट्यानं उचलून टाका.

बोटाचं आता सांगतो. चावे बहुतेक वेळा मासा पकडताना बसतात. जाळीत सापडलेला पिरान्हा जीव खाऊन चावतो, जाळीतून आरपार. त्यामुळे मासा हलवायचा तर प्लॅस्टिकचं कडक भांडं घ्या, ते पाण्यात बुडवा, त्याला आत हाका आणि पाण्यासकट उचला. हातावर जखम असेल तर त्या दिवशी टाकीला हात लावू नका. टाकीवर झाकण हवंच, बिथरलेला मासा उडीही मारतो.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी. पिल्लू पिरान्हाचंच आहे ना? पाकू नावाचा त्याचाच भाऊबंद लहानपणी हुबेहूब असा दिसतो. तोंड बघा. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला, दात टोकदार. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे, आणि तो पाऊण मीटरच्याही पुढे वाढू शकतो. दुसरं, तुम्ही राहता तिथे पिरान्हा पाळायला परवानगी आहे का ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. आणि कंटाळा आला म्हणून नदी-तळ्यात सोडणं, हा विचार मनातही आणू नका.

जाता जाता, रेडिओवर बसलोय म्हणून आवाजाचं. हा मासा बोलतो. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे एरिक पार्मांतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याचे तीन आवाज नोंदवले. दोघं समोरासमोर आले की भुंकल्यासारखा एक, खाण्यावरून झटापट झाली की ढोलासारखा एक, आणि पाठलाग करून चावताना दातांचा करकर असा एक. पहिले दोन तो पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून काढतो.

मी त्यातला भुंकण्याचा आवाज कानांनी ऐकलाय. मागे टाकी बदलताना एक मासा भांड्यातून टबात ओतला. पाणी कमी पडलं, तो क्षणभर उघडा राहिला, आणि त्याच्या अंगातून आवाज आला, टुक-टुक-टुक-टुक, बंद दारावर आतून कुणीतरी बोटानं वाजवावं तसा. मी पटकन तांब्याभर पाणी ओतलं आणि आवाज थांबला. रेकॉर्ड करायचं मात्र त्या गडबडीत सुचलं नाही, नाहीतर आज तुम्हाला ऐकवलाच असता.

नमस्कार.