बिशपमहाशय आणि नर्तकींचे मोजे

१७९८ च्या मार्चमध्ये लंडन फ्रेंच स्वारीच्या धास्तीखाली होते. त्याच महिन्याच्या २ तारखेला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये घटस्फोटाच्या एका विधेयकावर चर्चा चालू असताना डरहॅमचे बिशप शूट बॅरिंग्टन यांनी निराळाच शत्रू दाखवून दिला. शस्त्रबळाने इंग्लंड हाती लागत नाही, म्हणून फ्रान्सच्या राज्यकर्त्यांनी इथली नीतिमत्ता पोखरायला नर्तकी धाडल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. रोख हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरकडे होता. तिथे मादमुआझेल पारिसो झिरझिरीत वस्त्रांत पाय उंच उचलून नाचत आणि भले भले उमराव डोळे फाडून पाहत.

व्यंगचित्रकारांना आयतेच कोलीत मिळाले. अवघ्या बारा दिवसांत, १४ मार्चला, जेम्स गिलरे यांचे चित्र सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या हॅना हम्फ्री यांच्या दुकानात विक्रीला आले. त्यात तीन नर्तकी बिशपच्याच वस्त्रांनी जेमतेम लाज झाकून नाचताना दिसतात, आणि खालच्या कवितेत साळसूदपणे विचारले आहे की, आदम आणि हव्वेसारख्या उघड्याने नाचूनही ज्यांना लाज वाटली नाही, त्या बिचाऱ्यांना दोष का द्यावा? दुसऱ्या एका चित्रात बिशप धर्मदंड उगारून थेट रंगमंचावर धावून जातात. त्याच्या शीर्षकाला डरहॅमच्या प्रसिद्ध मोहरीचा ठसका आहे. तिसऱ्यात धर्मगुरूंचे पथकच नर्तकींच्या पोशाखाची मापे घेते आहे. माप घ्यायचे म्हणजे जवळ जाऊन नीट न्याहाळणे आलेच, आणि चित्रकाराचा खरा चिमटा तिथेच आहे.

अर्थात चित्रकारही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि हाताने रंगवलेली ही चित्रे ज्या पायांवरून बिशपांची टर उडवीत, तेच पाय ठळकपणे दाखवून खपत. दुकानाच्या काचेपुढे गर्दी जमे, ती काही केवळ सनातनी वृत्तीचा निषेध करायला नसावी.

थिएटरने मात्र पडते घेतले: अंगाच्या रंगाचे मोजे जाऊन पांढरे मोजे आले. तरीही ज्यांना जुनेच मोजे पाहायचे होते त्यांची सोय पिकॅडिलीत होती, कारण तिथले फोर्स नावाचे चित्रविक्रेते व्यंगचित्रांचे संग्रह एका संध्याकाळपुरते भाड्यानेही देत असत.