नळीपासून फाइलपर्यंत

मंडळी, संगणकीय जीनोमिक्समध्ये, म्हणजे सजीवाचा सगळा डीएनए (जीनोम) संगणकावर वाचून त्याचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, जायचं तर आधी बायोलॉजी घ्यावं की कॉम्प्युटर, हा प्रश्न बेळगावातल्या पालकांकडून हमखास येतो. व्हीटीयूचं, म्हणजे तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय इथंच असल्यामुळे असेल, पण आपल्याकडे कल कॉम्प्युटरकडे दिसतो. माझं उत्तर असं की कुठल्याही दारानं या. मात्र आपल्या हातातली डीएनएच्या माहितीची फाइल नमुन्याच्या कुठल्या नळीतून आली, त्या नळीत काय होतं, ती कशी हाताळली गेली, हे ज्याला ठाऊक नाही त्याचं गणित पक्कं असूनही उत्तर चुकतं. या विषयातल्या बहुतेक चुका संगणक सुरू होण्याआधीच झालेल्या असतात.

शिवारातलंच उदाहरण घेऊ. वडगाव, शहापूर, येळ्ळूरकडचा बेळगाव बासमती शिजला की शेजारच्या घरात कळतं. सुगंधी तांदळाचा तो वास मुख्यतः २-असेटिल-१-पायरोलिन या रेणूचा. भाताच्या ८व्या गुणसूत्रावर बीएडीएच-२ नावाचं जनुक आहे. ते शाबूत असेल तर त्याचं एन्झाइम या रेणूचा कच्चा माल दुसरीकडे वळवतं आणि वास तयार होत नाही. बऱ्याच सुगंधी जातींत या जनुकाच्या ७व्या एक्झॉनमधली (प्रथिनाची कृती सांगणाऱ्या तुकड्यातली) ८ अक्षरं, म्हणजे डीएनएचे घटक, गळालेली आहेत. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं आणि ८ ला ३ ने भाग जात नाही. त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं, मध्येच थांबण्याची खूण येते, एन्झाइम अर्धवट राहतं आणि वासाचा रेणू साठतो. ही गळती २००५ साली प्रसिद्ध झाली.

ती तपासायची कशी? कोवळं पान, साधारण १०० मिलिग्रॅम, द्रव नायट्रोजनमध्ये कुटायचं. सीटॅब या पेशी फोडणाऱ्या रसायनाच्या गरम द्रावणात ६५ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, क्लोरोफॉर्मनं धुवायचं, वरचा थर अलगद काढून आयसोप्रोपॅनॉलनं डीएनए खाली बसवायचा. मग एकाच नळीत चार प्रायमर (नकलेची सुरुवात ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) घालून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या भागाच्या असंख्य नकला काढणं. ९५ अंशांना दोन धागे सुटे होतात, ५५ ते ६० च्या दरम्यान प्रायमर बसतात, ७२ ला नवा धागा तयार होतो. अशा ३० ते ३५ फेऱ्या. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ५८० अक्षरांची पट्टी सगळ्यांत यायला हवी, कारण ती प्रक्रिया चालल्याची खूण. तिच्याबरोबर ३५५ ची आली तर बिनवासाचं, २५७ ची आली तर सुगंधी.

आता बिघडतं कुठं ते पाहा. एकही पट्टी नाही, तर बहुधा डीएनएबरोबर पानातली साखरद्रव्यं आणि फिनॉल आलेत. दहापट पातळ करून पुन्हा लावा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीत पट्टी दिसली, तर त्या दिवसाचं सगळं काम टाकून द्या. तिथं हळहळायचं नाही. आणि तिन्ही पट्ट्या दिसल्या तर? विद्यार्थी लगेच 'संकर' असं लिहून मोकळा होतो. भात स्वतःच्याच परागानं फळतो, संकरित रोप क्वचित सापडतं. बहुतेक वेळा पाच-सहा रोपांची पानं एकाच पिशवीत कोंबलेली असतात, नाहीतर बियाणातच भेसळ असते. एका रोपाचं पान, एक नळी, एक क्रमांक, हा नियम इथं कळतो. शिवाय ७व्या एक्झॉनमधली गळती दिसली नाही म्हणून तांदूळ बिनवासाचा ठरत नाही. काही जातींत त्याच जनुकाच्या दुसऱ्या एक्झॉनमधली ७ अक्षरं गळालेली असतात. बीएस्सीच्या प्रकल्पाला एवढं काम भरपूर आहे.

माणसाच्या जीनोमकडे वळलं की आकडे वाढतात, दुखणं तेच राहतं. एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरं. सरासरी तीसदा वाचायचं तर १५० अक्षरांचे ६० कोटी तुकडे हाती येतात. ते संदर्भ-जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या जीनोमवर, बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रॅमनं बसवायचे, सॅमटूल्सनं क्रम लावायचा, पीसीआरमुळे झालेल्या नकला खुणावायच्या, मग जीएटीके किंवा डीपव्हेरिअंटनं फरक शोधायचे. एका माणसात संदर्भाहून वेगळ्या अशा ४० ते ५० लाख जागा निघतात. त्यातली आजाराची एखादी.

ती एखादी शोधायला गाळणी लावताना पहिला प्रश्न: हा फरक लोकांमध्ये किती आढळतो? इथं परदेशी आकड्यांवर विसंबणं महागात पडतं. एमवायबीपीसी-३ या हृदयाच्या स्नायूच्या जनुकातली २५ अक्षरांची गळती दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि युरोपीय यादीत ती जवळजवळ नाही. फक्त ती यादी समोर ठेवली तर शंभरातल्या चौघांत दिसणारी गोष्ट दुर्मीळ ठरते. म्हणून जीनोमइंडिया या भारतीय प्रकल्पाच्या १०,००० जीनोमचं मोल. हा साठा जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना अर्ज करून मिळतो.

नळीचा विषय अजून संपलेला नाही. बेळगावहून रक्ताचा नमुना रात्रीच्या बसनं बेंगळुरूला जातो. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची नळी. हिरव्या टोपणातलं हेपरिन पीसीआर अडवतं. नमुना ४ अंशांच्या आसपास राहावा, पण बर्फाला चिकटू नये, कारण गोठून वितळलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात. आरएनए (जनुकाची कामासाठी निघालेली नक्कल) हवा असेल तर तो टिकवणारं रसायन असलेली वेगळीच नळी लागते. साध्या नळीत काही तासांत जनुकांच्या कामाची चढउतार बदलते आणि ते बदल पुढं कुणीतरी आजाराच्या नावावर खपवतो. डीएनएचं प्रमाण मोजताना नॅनोड्रॉप यंत्राच्या आकड्यावर जाऊ नका. तो आरएनएही त्यात मोजतो. क्यूबिट यंत्रानं ताडून पाहा.

सगळ्यांत घातक चूक मात्र कॅलेंडरची. रुग्णांचे नमुने मार्चमध्ये एका रसायन-संचानं (किटनं) केले, निरोगी लोकांचे ऑगस्टमध्ये दुसऱ्या संचानं. विश्लेषणात दोन गट झोकात वेगळे दिसतात आणि सगळे खूश. तो फरक आजाराचा की संचाचा, हे नंतर जगातलं कुठलंही संख्याशास्त्र सांगू शकत नाही. ९६ खळग्यांच्या प्रत्येक प्लेटवर दोन्ही गट मिसळून लावायचे, आणि हे ठरवताना संगणकवाला टेबलाशी हवा. नमुने झाल्यावर त्याला बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

फाइल हाती आल्यावरही आधी ओळख पटवायची. एक्स आणि वाय गुणसूत्रांवर बसलेले तुकडे मोजून कागदावर 'स्त्री' लिहिलंय ते खरं का ते पाहायचं. नातं ताडायचं. आपल्या भागात मामेबहिणीशी किंवा भाचीशी लग्नं होतात; मामेबहिणीच्या बाबतीत मुलाच्या जीनोमचा सरासरी १/१६ भाग आई आणि बाप दोघांकडून तंतोतंत सारखा येतो, मामा-भाचीत १/८. घरच्यांनी सांगितलेलं नातं आणि हा आकडा फारच फटकून असेल, तर कुटुंबावर शंका घेण्याआधी नळ्यांची अदलाबदल झाली का ते तपासा. आणि असा निष्कर्ष कॉरिडॉरमध्ये बोलायचा नसतो.

संगणकातले खड्डे थोडक्यात. संदर्भ-जीनोमची ३७वी आवृत्ती आणि ३८वी यांतले जागांचे पत्ते वेगळे. एकातला आकडा दुसऱ्यात टाकला तर भलतंच जनुक निघतं. जागांच्या यादीची बेड फाइल ० पासून मोजते, फरकांच्या यादीची व्हीसीएफ १ पासून. एक्सेल तर जनुकांच्या नावांच्या तारखाच करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीनं मार्च-१, सेप्ट-२ अशी नावंच बदलली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एका सॉफ्टवेअरपुढं हात टेकले, असं म्हणा हवं तर.

आता वाटेबद्दल. बीएस्सी किंवा बीई, मग एमएस्सी. पुण्याच्या विद्यापीठात आणि बेंगळुरूच्या आयबॅब संस्थेत बायोइन्फर्मेटिक्स शिकता येतं. पुढं पात्रता परीक्षा: नेट-जेआरएफ, जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बेट, किंवा गेट. पीएचडीला बेंगळुरूचं एनसीबीएस, हैदराबादचं सीसीएमबी, कल्याणीचं एनआयबीएमजी, पुण्याचं आयसर या संशोधन संस्था. जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक; कायमच्या जागेपर्यंत पस्तिशी गाठली जाते. पालकांनी हे आधीच ऐकून ठेवावं. मध्येच बाहेर पडणाऱ्यांना चाचणी प्रयोगशाळा आणि बेंगळुरू-हैदराबादच्या कंपन्या आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. सहा महिन्यांत 'जीनोमिक्स तज्ज्ञ' करणाऱ्या महागड्या सर्टिफिकेटांवर मात्र पैसे घालू नका.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. या परीक्षा देशपातळीवरच्या आहेत, पण ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि कर्नाटकासाठीच्या केंद्रीय यादीत आपली जात कुठल्या नावानं आहे ते बघावं लागतं. महाराष्ट्राच्या यादीतलं नाव इथं चालेलच असं नाही. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हे कळलं तर तहसीलदार कचेरीच्या चकरा मारण्यात ती संधी जाते. इंग्रजीची धास्ती नको. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं वर्ष शोधनिबंध वाचायला जड जातं; रोज एक पद्धती-विभाग वाचा, प्रस्तावना सोडली तरी चालेल.

सुरुवातीला मोठं यंत्रही नको. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स. कोविडच्या विषाणूचा संदर्भ-जीनोम २९,९०३ अक्षरांचा आहे. त्याचे कच्चे तुकडे युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हमधून फुकट उतरवता येतात. तुकड्यांचा दर्जा तपासणारं फास्टक्यूसी चालवा, तुकडे संदर्भावर बसवा, फरक काढा. मग त्याच नमुन्याचे निम्मे तुकडे टाकून पुन्हा काढा आणि कुठले फरक नाहीसे झाले, ते का, हे एकेका जागेवर आयजीव्ही या तुकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी बघा. ते जमलं की ई. कोलाय हा जिवाणू घ्या, ४६ लाख अक्षरांचा. माणसाचं २२वं गुणसूत्र त्यानंतर.