शेवटची चौकट आधी

[दृश्य : कोथरूडमधलं स्वयंपाकघर. फ्रिजशेजारी भिंतीवर कालनिर्णय. चौकटींत दुधाचे खाडे लिहिलेले. पेन्सिलीचं टोक एका रविवारवर येऊन थांबतं.]

सहल ठरते ती पहिल्या दिवसापासून. किती वाजता निघायचं, डब्यात काय न्यायचं, पहिला मुक्काम कुठे. आमच्या घरी या वेळी, अंदमानच्या स्कूबा डाइव्हिंगच्या सहलीसाठी, पेन्सिल उलटी फिरली. पहिली खूण पडली ती परतीच्या रविवारवर. पोर्ट ब्लेअरहून दुपारचं विमान. मग तिथून एकेक चौकट मागे.

पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम आहे, 2024 पासून. हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप तर 2018 मध्येच झालं. तरी आमच्या घरात अजून "हॅवलॉकला जायचंय" असंच चालतं. पुण्याला जुनी नावं सुटत नाहीत.

उलटं मोजायचं कारण मात्र नावात नाही, नायट्रोजनमध्ये आहे.

[दृश्य : गोटी सोड्याची बाटली. अंगठ्याने गोटी दाबली जाते. फस्‌.]

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं निम्मं पुणं समजतं. मीही समजत होते. असते ती आपली रोजचीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. 21 टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरण, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तितका, दाब वाढतो. 18 मीटरवर तो जमिनीवरच्या 2.8 पट झालेला असतो. त्या दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात, चरबीत मुरत जातो. शरीर म्हणजे तेव्हा न उघडलेली सोड्याची बाटली. झाकण हळूहळू उघडायचं. म्हणून सावकाश वर यायचं, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. बाटली एकदम उघडली तर बुडबुडे सांध्यांत, पाठीच्या कण्यात, कुठेही.

आणि बोटीवर चढलो म्हणजे बाटली रिकामी झाली, असंही नाही. नायट्रोजन पुढे कित्येक तास अंगात असतो. अशात विमानात बसलं, तर आतला दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तितका उतरतो. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे खिडकीशी चहा पीत आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो. एकच साधा डाइव्ह केला असेल तर विमानाआधी किमान 12 तास, आणि रोज दोन-दोन, सलग काही दिवस केले असतील तर किमान 18 तास पाण्याबाहेर राहायचं, हा नियम त्यासाठी आहे. आम्ही 24 धरले. "किमान" शब्दावर आईचा विश्वास नाही.

या हिशेबाचा पाया घातला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. 1908 मध्ये, ब्रिटिश नौदलासाठी. प्रयोग शेळ्यांवर झाले. दाबाच्या टाकीत शेळ्या ठेवायच्या, दाब उतरवायचा आणि कुठली शेळी पाय उचलून धरते ते बघायचं. आज माझ्या मनगटावरचं यंत्र जे आकडे दाखवतं, त्यांच्या मुळाशी त्या लंगडणाऱ्या शेळ्या आहेत. जाता जाता एक : याच हॉल्डेनांचे चिरंजीव, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस., पुढे भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

[दृश्य : मोबाइलवर काढलेला जुना व्हिडिओ. हिरवट पाणी, दोन भेदरलेले चेहरे.]

हे मालवणचं. तीन वर्षांपूर्वीचं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पाच-सहा मीटर पाण्यात, वीस मिनिटं. पाठीमागून प्रशिक्षकाने सिलिंडर धरलेला. खरं सांगायचं तर त्यात आपण डाइव्ह करत नाही, आपल्याला फिरवून आणतात. माशांचा थवा पाहून दादाने खुशीत अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ "छान" होत नाही, "मला वर ने" असा होतो. त्याला वर नेलं. बोटीवर बसून तो दहा मिनिटं भांडत होता.

पण आज त्या व्हिडिओतलं मला वेगळंच दिसतं. बोटीवर चढण्याआधी आमच्या हातात प्रकृतीचा एक फॉर्म दिला होता. मागे रांग होती. दादाला लहानपणी दमा होता, तरी त्याने सगळ्या रकान्यांत "नाही" अशी टिक केली. कोणी विचारलंही नाही. आणि संध्याकाळी, केस ओले असतानाच, आम्ही गाडी काढून आंबोलीमार्गे पुण्याला निघालो.

आंबोलीचा माथा सुमारे 690 मीटर. पुढे कोल्हापूर, सातारा, पुणे, सगळंच पठारावर. पुणं स्वतः समुद्रसपाटीपासून 560 मीटर. मुंबईकर डाइव्ह करून किनाऱ्याकिनाऱ्याने घरी जाऊ शकतो. आपल्याला घरी जायलाच घाट चढावा लागतो. आमचा डाइव्ह उथळ होता, एकच होता, काही झालं नाही. घाटात थांबून भजीसुद्धा खाल्ली. पण दोन दिवस खोल डाइव्ह करून कोणी असाच निघाला, तर तो घाट म्हणजे त्याच्यासाठी छोटं विमानच. हे मला मालवणात कोणी सांगितलं नाही. पुण्यात, डाइव्हिंगच्या कोर्सच्या पहिल्या तासाला कळलं.

[दृश्य : पुण्यातला पोहण्याचा तलाव. सकाळची थंडी, निळ्या फरशा.]

हो, कोर्स पुण्यात. पुस्तकी भाग आणि तलावातला सराव इथेच उरकता येतो. समुद्रातले चार डाइव्ह तेवढे बेटावर जाऊन करायचे, याला रेफरल म्हणतात. सुट्टीचे दोन दिवस वाचतात. ज्याला बेटावर जाऊन तलावात बसायचंय, त्याने बसावं.

परीक्षा साधी आहे. न थांबता 200 मीटर पोहायचं, वेळेचं बंधन नाही. दहा मिनिटं तरंगायचं. मग मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. दादाच्या मिशीखालून मास्क गळत होता. त्यावर उपाय दोन, व्हॅसलीन किंवा वस्तरा. तो अजून व्हॅसलीनवर आहे. फॉर्म मात्र या वेळी खरा भरला. एका रकान्यात "होय" आलं की डॉक्टरांची सही लागते. दादाची तपासणी झाली, फुंकून बघण्याच्या चाचण्या झाल्या, मगच सही मिळाली. दम्यात फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहू शकते. वर येताना ती फुगते. दहा मीटरवरून वर येईपर्यंत दुप्पट. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा पहिला नियम याच कारणाने.

आई काठावर बसून बघत होती. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून वाईजवळच्या विहिरीत शिकलेली. तरंगायची परीक्षा म्हटल्यावर म्हणाली, "अगं, एवढंच?" आणि पाण्यात उतरून पद्मासन घालून पडून राहिली. दहा मिनिटांनी तिला उठवावं लागलं. ती डाइव्ह करणार नाहीये. वरून, नळी लावून बघणार आहे.

[दृश्य : शिवाजीनगर, शिमला ऑफिस चौक. वाहतूक.]

महिना कुठला? इथे आपल्या शहराचा एक मान आहे. दर वर्षी मे महिन्यात पेपरात ठळक बातमी येते, "मान्सून अंदमानात दाखल". आपल्याला वाटतं, आता आंबे संपणार. अंदमानात त्या दिवसापासून समुद्र गढूळ व्हायला लागतो. त्या बातमीशी पुण्याचं नातं जुनं आहे. हवामान खात्याचं कार्यालय 1928 मध्ये शिमल्याहून इथे आलं, चौकाचं नाव तेच राहिलं. तर मे गेला. दिवाळीच्या सुट्टीत जायचा मोह सगळ्यांना होतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. बोटी रद्द होतात. जानेवारी ते एप्रिल पाणी शांत. आम्ही फेब्रुवारी धरला.

आणि फेब्रुवारीतला आठवडा निवडला कालनिर्णयनेच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, प्रवाह जोराचा. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची ओढ कमी. कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशी असेल तर सव्वाआठ. अंदमानात ती वेळ जुळायची नाही, पण उधाण आणि भांग तिथेही चंद्रच ठरवतो. नवख्यांनी अष्टमी धरावी.

लक्षद्वीपचाही विचार झाला. तिथे भारतीयांनाही परवाना लागतो, तो हातात येईपर्यंत तिकिटं काढता येईनात. मालदीवचं दादाच्या डोक्यात होतं. तिथे प्रवाहावर वाहत जायचे डाइव्ह फार. पुढच्या खेपेला.

[दृश्य : पुन्हा कालनिर्णय. पेन्सिल मागे सरकते.]

रविवार, विमान. शनिवार, कोरडा. शुक्रवारी सकाळी शेवटचे दोन डाइव्ह, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. बुध-गुरु समुद्रातले कोर्सचे चार डाइव्ह. मंगळवारी हॅवलॉकला पोहोचून नुसतं झोपायचं. अंदमानात घड्याळ आपलंच, सूर्य मात्र पूर्वेचा. फेब्रुवारीत साडेपाचच्या आत मावळतो, त्यामुळे सगळे डाइव्ह सकाळीच. विमानात सर्दी झाली आणि कान मोकळे होत नसतील तर पाण्यात उतरायचं नाही, म्हणून मंगळवार रिकामा. शनिवार रिकामा, कारण शुक्रवारची बोट रद्द झाली तरी विमान चुकू नये.

रिकामा म्हणजे आईच्या दृष्टीने रिकामा नाहीच. शनिवारच्या चौकटीत तिने बॉलपेनने लिहिलंय, "सेल्युलर जेल". सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. मराठी माणूस अंदमानला जाऊन ती कोठडी बघितल्याशिवाय परत आला, असं आमच्या सोसायटीत तरी अजून झालेलं नाही. मनगटावरच्या यंत्रात डाइव्हनंतर विमानाचं छोटं चित्र येतं, शेजारी उरलेले तास. सकाळी नऊला जेलच्या दारात उभे असू तेव्हा तिथे दोन-तीन तास उरलेले असतील.

शोकेससाठी काही आणायचं नाही, हे मावशीला आधीच सांगून ठेवलंय. प्रवाळाचा किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा वन्यजीव कायद्याखाली येतो. विमानतळावर बॅग उघडतात.

एवढं ठरल्यावर आईने पेन्सिल माझ्याकडून घेतली नाही, बॉलपेनच घेतलं. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही चौकटींवर एक आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, "दूध बंद".