अंगावर काढलेलं दुखणं

श्रोतेहो, नमस्कार. आणि स्वयंपाक उरकता उरकता ऐकणाऱ्या माझ्या बहिणींना तर खास नमस्कार.

आपली बाई दुखणं अंगावर काढते. ताप काढते, ओटीपोटातली कळ काढते, अंगावरून पांढरं जातं तेही वर्षानुवर्षं तसंच रेटते. विचारलं तर म्हणते, "बाईच्या जातीला हे चालायचंच."

अशा बायका किती असाव्यात? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत साडेसहाशे बायका तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच आपण धरून चाललो होतो.

पण बाई सांगते कुणाला? एका पाड्यावर मी रजिस्टर उघडून बसले होते. "काही त्रास?" "नाही." दहा घरी हेच. अकराव्या घरी रजिस्टर पिशवीत टाकलं आणि त्या बाईसोबत तांदूळ निवडायला बसले. अर्धं सूप झालं, तेव्हा ती सुपातून नजर न काढता म्हणाली, "ताई, एक इचारू?" पाळीचं फडकं ती गोठ्यामागे, ओल्या सावलीत, जुन्या लुगड्याखाली वाळत घालायची. सासूही तसंच करायची. साबणानं धुऊन कडक उन्हात वाळव, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

विचारणारी आपली वाटायला हवी. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. पुढे त्यांनी आरोग्याच्या कामासाठी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कितीतरी दलित होत्या, निरक्षर होत्या. त्याच बाळंतपणं करू लागल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या. गडचिरोलीत तर ज्या दायांना फार पुढचं मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मण्यांचं श्वासमापक केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिटाच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला तर बाळाला न्युमोनिया. अक्षर येत नाही म्हणून अक्कल नसते, असं मानणाऱ्यांना मी आजही हे श्वासमापक दाखवते.

२००५ पासून गावोगाव आशाताई आल्या. बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या फेऱ्या असतात. पण आशाताईच्या हातात आता रजिस्टरांचा गठ्ठा आणि मोबाइल. ओट्यावर टेकायला तिला वेळ कधी मिळणार? मला याचं फार वाईट वाटतं.

त्या पाड्यावर महिन्याभरानं पुन्हा गेले. गोठ्यापुढच्या दोरीवर, भर उन्हात, फडकी वाळत होती. ओट्यावर तिच्या शेजारी तिची जाऊ बसलेली, मान खाली घालून. मी काही विचारलं नाही. सूप पुढे ओढलं.