विस्कटलेला चेहरा

(पडदा: काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चेहरा, खालचा भाग विस्कटलेला)

हनुवटी, ओठ आम्हीच विस्कटलेत. आता बघत राहा. एक ठिपका उलटला... आणखी एक... ओठ दिसायला लागले. थांबलं. आला चेहरा. अर्धवट खुणेवरून अख्खी आठवण कशी परत येते, त्याचा हा संगणकावरचा नमुना.

इथे शंभर गुणिले शंभर, म्हणजे 10,000 ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक न्यूरॉन, मेंदूतली एक पेशी. पेटला तर पांढरा, नाहीतर काळा. प्रत्येकाची बाकी सगळ्यांशी जोडणी, म्हणजे जवळपास 5 कोटी जोडण्या. चेहरा कुठल्या एका कप्प्यात ठेवलेला नाही, तो या जोडण्यांच्या कमी-जास्त जोरात मुरलेला आहे. पाळी आली की ठिपका इतरांचा कौल घेतो. घट्ट जोडणीचं मत जड. पारडं झुकेल तो रंग.

(फळा. समीकरण पुसून पुन्हा लिहिणारा हात)

जोडणीचा जोर ठरवायचा नियम एका ओळीचा. दोघं एकत्र पेटले तर जोडणी घट्ट. एक पेटला आणि दुसरा विझलेला राहिला तर सैल. यातला घट्ट होण्याचा भाग कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्येच मांडला होता, हाती पुरावा नसताना.

(मायक्रोस्कोपखाली मेंदूचा काप, काचेची सुई)

हे चित्रण आजचं. पुरावा आधीच मिळाला होता: ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी भूल दिलेल्या सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी निगडित भागात, विजेचे झटपट ठोके दिले, आणि तिथल्या जोडण्या तासन्‌तास बळकट राहिल्या. ते प्रसिद्ध झालं 1973 मध्ये. हेबनंतर 24 वर्षांनी! ‘नुसतं गणित’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा क्रम जरा लक्षात घ्यावा.

(डोंगरदऱ्यांचं जाळं, घरंगळणारी गोळी)

1982 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफिल्ड यांनी हे असं पाहिलं. प्रत्येक आठवण एक दरी. अर्धवट खूण म्हणजे उतारावर सोडलेली गोळी. जोडणी दोन्ही दिशांना सारखी असेल तर गोळी कधीच वर चढत नाही. खऱ्या मेंदूत जोडण्या इतक्या समजूतदार नसतात, मान्य.

दऱ्या किती खणता येतात? 10,000 न्यूरॉनमध्ये 1,400 च्या आसपास, तीही चित्रं एकमेकांसारखी नसतील तर. त्यापुढे कोंबत गेलं की नव्यासोबत जुनंही जातं. 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मुळं याच कामात आहेत.

(पुन्हा पडदा)

आम्ही पाचच चेहरे भरले होते. या वेळी जास्त विस्कटू. ठिपके उलटतायत... थांबले.

हा त्या पाचांपैकी कुणीच नाही. तिघांची सरमिसळ आहे.

(निवेदन थांबतं. चेहरा तसाच)